पाठीवरचा वारा

दादा,

तुला जाऊन महिना झाला. आज शाळेला सुट्टी आहे. आई अंगणात भाताच्या बियाण्याला ऊन दाखवते आहे, आणि मी पडवीत तुझ्या जाळ्यांशेजारी वही घेऊन बसले आहे. धरणाचं पाणी बरंच खाली गेलं, पण बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंती वर यायला अजून अवकाश आहे. तुझी होडी गाळात कलून पडली आहे. येणारा-जाणारा विचारतो, "बाई, होडीचं काय करायचं?" मी म्हणते, बघू.

भेटायला येणारे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. बोलू देत. पण मेल्यावर माणूस एकदम गुळगुळीत होतो, हे तूच म्हणायचास. म्हणून मी ठरवलं, की आपल्या दोघांत जे झालं ते झालं तसं लिहायचं, भांडणासकट.

तू परत आलास तो उन्हाळा मला चांगला आठवतो. त्या वर्षी भोरचं संस्थान गेलं आणि कचेरीवरची पाटी बदलली. त्याच वर्षी माझा नवरा विषमज्वरानं गेला आणि मी पासलीहून डोंगर उतरून कायमची माहेरी आले. लढाईच्या दिवसांत तू मुंबईला गेलास; ती लढाई संपून तीन वर्षं होत आली होती आणि तुझा पत्ता नव्हता. सगळ्यांनी तुझी आशा सोडली होती. आई मात्र रोज एक भाकरी जास्त थापायची आणि दिवस मावळला की ती गाईला घालायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, गाय अशक्त झालीय.

तू भर दुपारी आलास. खांद्यावर जाड कापडाची पिशवी, दाढी वाढलेली. आई दारात धान पाखडत होती. तिनं वर पाहिलं.

"कवा आलास?"

"आत्ताच."

"जेवलास का?"

"न्हाई."

ती उठली आणि आत जाऊन चूल पेटवायला लागली. मी वाट बघत होते, की आता रडेल. रडली नाही. तू चुलीसमोर बसलास आणि थोडं-थोडं सांगत गेलास. मुंबईच्या गोदीत हमाली करणारा तू आगबोटीवर खलाशी झालास. विलायतेच्या पार उत्तरेला एका लहानशा बंदरात बोट दुरुस्तीला लागली, तुझी छाती भरली, आणि बोट तुला मागं ठेवून गेली. टॅम नावाच्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं तुला घरात घेतलं. बरा झाल्यावर दोन वर्षं तू त्याच्या शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं मासे मारलेस. आई सगळं ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"तितं खायाला काय?"

"मासं न् बटाटं."

"भाकरी?"

"भाकरी न्हाई मिळत तिकडं."

तेव्हा ती रडली.

त्या उत्तरेकडच्या पाण्याच्या गोष्टी तू पुढं चावडीपुढं बसून सांगायचास. उन्हाळ्यात तिथं दिवस मावळतच नाही म्हणे, जेवून झोपायची वेळ झाली तरी उजेड. डोंगरांवर झाड नाही, नुसतं जांभळट गवत. जाळं ओढताना हात इतके गारठतात, की बोट कापलं तरी रक्त दिसल्यावरच कळतं. कुत्र्याच्या तोंडाचं एक जनावर होडीमागून पोहत येतं आणि माणसासारखं टकमक बघतं, हे तू सांगितलंस तेव्हा सगळी चावडी हसली. तू शपथ घेतलीस तरी कुणाला पटलं नाही. मला पटलं होतं. तसलं खोटं रचायला जी हौस लागते ती तुला नव्हती.

पण तुझ्या मनात दुसरंच होतं. समुद्राचा एक चिंचोळा फाटा डोंगरांच्या मधून लांबवर आत गेलेला, टॅमचं घर त्याच्या काठाला. तू आपल्या भाटघरच्या पाण्याकडं बघून म्हणालास, "सुभे, पाणी हेच हाय. फकस्त हितं गोड हाय." आणि आठवड्याभरात तू होडीच्या लाकडासाठी भोरला निघालास.

काका भडकले होते. "कुणब्याचं पोर तू. जाळं हातात घेऊन फिरनार? लोक काय म्हंतील?"

तू म्हणालास, "काका, आपलं शेत पान्याखाली गेलं. मग पान्यालाच नांगराया नगं का?"

त्यानंतर काका तुझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, पण तू दारात ठेवलेला मरळ मासा मात्र त्यांच्या घरातून कधी परत आला नाही.

भोरच्या सुतारानं होडी केली आणि ती बैलगाडीवर लादून काठापर्यंत आणली. शिडासाठी तू बाजारातून जुन्या तंबूचं कापड आणलंस. मी आणि आईनं दाभणानं ते शिवलं. कापडावर मध्ये आडवी दोऱ्यांची रांग लावायला तू आम्हाला सांगितलंस. वारा जास्त असला, की खालचा भाग गुंडाळून त्या दोऱ्यांनी बांधायचा, म्हणजे शीड निम्मं होतं. पहिल्यांदा शीड वर चढलं तेव्हा काठावरच्या बाया हसून बेजार झाल्या. "होडीला लुगडं नेसवलंय!" पण वारा भरला आणि होडी वल्ह्याशिवाय पाण्यावरून सरसर निघाली, तशा त्या डोळ्यांवर हात धरून तिच्याकडं बघायला लागल्या.

मला होडीत तूच घेतलंस. विधवा बहीण, ती होडीत, ती जाळं ओढणार. गावानं काय काय म्हटलं ते मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक होतं. तू मला सुकाणूपाशी बसवलंस आणि म्हणालास, "पान्याकडं बघू नगंस. पान्यावर दिसंस्तवर वारा अंगावर आलेला असतुया. डोंगराकडं बघ. गवत कुठं वाकतंय त्ये बघ." पहिले काही दिवस मला काहीच दिसायचं नाही. मग एक दिवस पलीकडच्या उतारावर गवताची लाट खाली येताना दिसली, मी शिडाची दोरी सैल सोडली, आणि वारा येऊन निघून गेला. तू पुढच्या बाजूला पाय पसरून आडवा झालास. माझ्या हातात होडी देऊन तू डोळे मिटलेस, एवढी शाबासकी मला त्या वर्षात दुसऱ्या कुणी दिली नाही.

सातवीच्या फायनलच्या परीक्षेला मला बसवलंस ते तूच. सासरी माझी पुस्तकं चुलीत गेली होती. तू भोरहून दुसरी आणलीस. परीक्षेच्या दिवशी पहाटे निघून होडीनं भाटघरच्या धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो आणि तिथून भोरला चालत. मला आत सोडून तू दिवसभर बाहेर चिंचेखाली बसलास. मी बाहेर आले तर तू विचारलंस, "शाई सांडली न्हाई ना?" झालं. दुसरं काही नाही. त्या परीक्षेवर मला इथली शाळा मिळाली. आज ही वही मी लिहू शकते ती त्यामुळं. हे मी तुझ्यासमोर कधी बोलले नाही. बोलले असते तर तू जाळं उचलून निघाला असतास.

आता त्या श्रावणातल्या दिवसाचं सांगते.

त्याला आता पाच वर्षं झाली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि त्या सकाळी तो थांबून वारा सुटला होता. घाटाकडून येणारा, पश्चिमेचा. वरच्या वाडीतल्या लोकांनी हौसाला झोळीत घालून खाली आणलं. हौसा एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, नवरा मुंबईला गिरणीत. दोन दिवस ती अडली होती. तिच्याबरोबर तिची सासू पारूआत्या होती. भोरच्या दवाखान्याला जायच्या वाटेवरचे सगळे ओढे भरून वाहत होते, त्यामुळं गाडीवाट बंद. उरलं पाणी, आणि पाण्यावर शीड असलेली होडी एकच.

तू काठावर उभा राहिलास आणि डोंगराकडं बघितलंस. बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "आत्ता न्हाई जायचं. दुपारनंतर वारा पडंल. तवा नेतो."

मी हौसाचा हात धरला होता. तो गार पडत चालला होता. "दुपारपर्यंत ती राहील का?" मी विचारलं.

"त्ये मला ठावं न्हाई. वारा मला ठावं हाय."

"वारा पाठीवर आहे, दादा. सरळ भिंतीपर्यंत नेईल."

"म्हनूनच न्हाई म्हन्तोय. समोरचा वारा मानसाला थकवतो. पाठीवरचा मारतो. सोंडंपाशी डोंगरावरनं उलटा झोत आला, की शीड ह्या अंगाचं त्या अंगाला फेकलं जातं. होडी पालथी व्हाया डोळं मिटायचासुदिक वेळ लागत न्हाई."

सोंड म्हणजे म्हसोबाची सोंड. अर्ध्या वाटेवर डोंगराचा एक दांडा पाण्यात आला आहे, तिथं पाणी वळतं.

पारूआत्या पुढं आली. "बाबा, तुज्या पाया पडते. न्हे तिला."

तू तिच्याकडं बघितलं नाहीस. "आत्या, नेली तर सगळीच जातील. ठिवली तर एक."

हे तू बोलायला नको होतंस. खरं असेल, तरी हौसा ऐकत होती. काठावर वीस-पंचवीस माणसं होती. त्या सगळ्यांसमोर मी मोठ्यानं म्हणाले, "विलायतेचा समुद्र बघून आलास आणि भाटघरच्या पाण्याला भ्यालास!"

तुझा हात होडीवर होता. तो तू काढलास. मला वाटलं, आता थोबाडीत मारशील. तू फक्त मागं फिरलास आणि चढण चढून निघून गेलास.

मी हौसाला होडीत घेतलं. पारूआत्या बसली. दोघा माणसांनी यायची तयारी दाखवली, पण त्यांना शीड ठाऊक नव्हतं आणि होडीत जास्त वजन मला नको होतं. हौसाला नीट निजवून शीड निम्मं बांधण्यात बराच वेळ गेला, मग होडी ढकलली.

वारा पाठीवर होता आणि होडी अशी पळत होती, की काठावरची झाडं मोजायला सवड नव्हती. मला वाटलं, दादा चुकला. हे इतकं सोपं आहे. हौसा ओरडत होती आणि तिचा आवाज वारा पुढं घेऊन जात होता. पारूआत्या तांब्यानं पाणी उपसत होती आणि देवाचं नाव घेत होती. अर्धा तास मी खुशीत होते. हे कबूल करते. त्या बाईच्या जिवावर बेतलं होतं आणि मी मनात तुला हरवत होते.

मग सोंड दिसली. मी डोंगराकडं बघितलं. सगळीकडचं गवत पुढं वाकलेलं होतं, आणि सोंडेच्या उतारावरचं मात्र उलटं, आमच्याकडं झोपलेलं. मी सुकाणू पायात धरलं, दोरी सोडली आणि शीड खाली ओढलं. ते अर्धं पाण्यात पडलं, अर्धं हौसाच्या अंगावर. वल्ही हातात घेते तोवर झोत आला. होडी जागच्या जागी निम्मी फिरली, एका कडेनं पाणी आत आलं, पारूआत्याचा तांब्या गेला. ती ओंजळीनं पाणी काढायला लागली. शीड वर असतं तर आम्ही तिघी तिथंच राहिलो असतो. मग झोत सरला आणि मी वल्ह्यांनी सोंड ओलांडली. पुढं मी शीड चढवलं नाही. हाताची सालं निघेपर्यंत वल्हवत भिंतीला लागले. तिथल्या माणसांनी बैलगाडी जुंपली.

मूल पोटातच गेलं होतं. हौसा वाचली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असता तर ही हाती लागली नसती.

दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर मी होडी परत आणली. तू काठावर होतास. पुढची दोरी झेललीस, खुंट्याला बांधलीस, सुकाणू हलवून बघितलंस.

"बाळ?"

"नाही."

"हौसा?"

"आहे."

तू मान हलवलीस. मग म्हणालास, "वाऱ्यानं सोडलं तुला."

मी चिडले. मला वाटलं, हरलास म्हणून बोलतोयस. डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "पोचलीस म्हंजी बरोबर हुतीस, असं न्हाई." मी म्हणाले, "ती जिवंत आहे. मला एवढं पुरे." तिथून आपला वाद सुरू झाला आणि तो कधी संपला नाही. जेवताना, जाळी विणताना, कधी महिन्या-महिन्यानं, कुठल्याही गोष्टीतून आपण तिथंच यायचो. तू म्हणायचास, दहा वेळा तशी गेलीस तर नऊ वेळा तिघींची मढी काढावी लागतील. मी म्हणायचे, मी एकदाच गेले. तू म्हणायचास, तेच तर.

गावाला वादाशी घेणं नव्हतं. गावाला एवढंच कळलं, की बहीण गेली आणि खलाशी भ्याला. शब्द मीच दिला होता, तो त्यांनी उचलला. शाळेतली पोरं तुला बघून एकमेकांना ढकलून हसायची. मी त्यांना वर्गात उभं केलं, छड्या दिल्या. पण "मी म्हणाले ते चूक होतं," असं मी ना पोरांना सांगितलं, ना मोठ्यांना. तू मात्र त्याच लोकांना त्याच होडीतून रोज पलीकडं नेत राहिलास.

तीन वर्षांनी, आषाढातल्या एका दुपारी, याच पडवीत तू जाळं सांधत होतास आणि मी पोरांच्या वह्या तपासत होते. तू आपणहून बोललास. टॅमला एक मुलगा होता, आपल्या वयाचा. असाच वारा सुटलेला, जाळी पाण्यात टाकलेली. टॅमनं नको म्हटलं. मुलगा म्हणाला, जाळी गेली तर हिवाळाभर काय करायचं, आणि निघाला. तू त्याच्याबरोबर गेलास. वारा पाठीवर होता. डोंगराच्या वळणाला शीड फेकलं गेलं, शिडाची काठी मुलाच्या डोक्याला लागली आणि तो पाण्यात गेला. जाड लोकरी कपडे, वर आला नाही. होडी कशीबशी सावरून तू एकटाच परत आलास.

"म्हातारा धक्क्यावर हुबा हुता," तू म्हणालास. "त्यानं होडीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला घरी न्हेलं आन् च्या करून दिला. एक सबूद बोलला न्हाई. पुढं सहा म्हैनं म्या त्याच्याच घरात ऱ्हायलो, त्याच होडीत बसलो. तरी न्हाई बोलला."

मी पेन्सिल खाली ठेवली. मी तेव्हा एक गोष्ट बोलायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणाले, "मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

तू जाळ्यातून मान वर केली नाहीस. "त्या दिशी टाइम हुता का?"

खरंच नव्हता. पण आत्ता होता. पाऊस पडत होता, आई आत निजली होती, आपण दोघंच होतो. "भ्यालास" हा शब्द परत घ्यायला मला एक वाक्य लागलं असतं. मी पुन्हा वह्या ओढल्या. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला भीती वाटली, की तो शब्द परत घेतला तर माझं जाणंही चूक ठरेल. तू दोन्ही वेगळं ठेवलं असतंस. मला ठेवता आलं नाही.

गेल्या फाल्गुनात शिंगाळा माशाचा काटा तुझ्या तळहातात गेला. काटे लागायचेच, तू हळद दाबलीस आणि कामाला गेलास. आठ-दहा दिवसांनी सकाळी चहा पिताना म्हणालास, "सुभे, जबडा धरलाय." दुपारपर्यंत मान ताठली. भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला आणि विचारलं, काटा कधी लागला. धनुर्वात. ते शर्थ करत होते, ते मी बघत होते. तुला सगळं कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू माझ्याकडं बघून घशातून काहीतरी आवाज केलास. मी वाकले, कान लावला, पुन्हा विचारलं. कळलं नाही. लोक मला सांगतात, "बाई, तुमचंच नाव घेतलं असेल." असेल. मी रचणार नाही. मला कळलं नाही.

मी तरी बोलायचं होतं. तुला ऐकू येत होतं. पण खोलीत परिचारिका होती, आई होती, आणि मी तुझ्या कपाळावरचा घाम पुसत बसले. चौथ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तेराव्याला अंगणात पंगत बसली होती. सोंडेच्या वर ज्याचं खोपटं आहे तो बिरू धनगर आला होता. जेवून हात धुतल्यावर तो माझ्यापाशी आला. त्यानं टोपी काढली.

"बाई, एक सांगायचं हाय. तो सांगू नगंस म्हनला हुता. पन आता कुनासाठी झाकून ठिवायचं?"

"सांगा की, बिरूमामा."

"हौसाला तुमी न्हेली, त्या दिशी तो काठाकाठानं धावत माज्या खोपटापातुर आला हुता. खांद्याव दोर. ओढ्याला छातीइतकं पानी, त्यातनं आला. पाय फुटलेलं. म्या म्हनलं, कुठं रं? म्हनला, उलटली तर सोंडंपाशीच उलटंल. तितं दोर टाकाया कुनीतरी हवं."

माझ्या हातात पाण्याची घागर होती. ती मी खाली ठेवली.

"सोंडंच्या उतारावर हुबा ऱ्हाऊन वरडत हुता. शीड उतरीव, सुभे, शीड उतरीव! असा बेंबीच्या देठापास्नं. पर वाऱ्यात कुनाला ऐकू जातंय? आन् मग तुमचं शीड खाली आलं. तसा तो मटकन खाली बसला. रडत हुता का हासत हुता, मला काय कळंना. म्हनला, बिरू, म्या सांगायच्या आदी कळलं तिला."

"मग मला का सांगू नको म्हणाला?"

"म्याबी त्येच इचारलं. म्हनला, तिला वाटंल माजा तिच्याव भरवसा न्हवता."

दादा, तू ओरडत होतास त्या क्षणी मी त्याच उतारावरचं गवत बघत होते. तू त्या गवतात उभा होतास आणि मला दिसला नाहीस. मी गवतच बघत होते, कारण गवतच बघायला तू शिकवलं होतंस.

पंगत उठत होती. त्या दिवशी काठावर होती त्यांतली बरीच माणसं अंगणात होती. हौसा होती, पारूआत्या होती. मी ओट्यावर उभी राहिले आणि बिरूमामांनी सांगितलं ते सगळ्यांना सांगितलं. मग म्हणाले, "दादा भ्याला असं मी त्या दिवशी तुमच्यासमोर म्हणाले. ते खोटं होतं. तो शब्द मी परत घेते." काका उपरण्यानं डोळे पुसत होते. पारूआत्या पत्रावळी गोळा करत होती. ती वाकलेली तशीच थांबली आणि म्हणाली, "आमाला सांगून काय, बाय? ज्याला सांगायचं तो न्हाई."

तिचं खरं आहे. म्हणून हे तुला लिहिलं.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. मी गेले ते चूक नव्हतं. तसाच वारा असता आणि तशीच हौसा असती तर मी पुन्हा गेले असते, आणि तू पुन्हा नको म्हणाला असतास. तो वाद तू जिंकला नाहीस आणि मीही जिंकले नाही, तो आहे तसा राहू दे. फक्त, तू काठाकाठानं धावतोयस हे मला या खेपेला ठाऊक असतं.

तुझी,
सुभी